शालिग्राम कंपाउंडर आणि लीझनचा अर्थ

नांदुरा आणि मलकापूरच्या मध्ये, एका बाजाराच्या गावात बोर्डाचा दवाखाना होता. दोन खोल्या, पुढे ओसरी आणि ओसरीकडच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. त्या खिडकीमागे शालिग्राम कंपाउंडर बावीस वर्षं उभा होता. बसायला स्टूल होतं, पण बसलं की हात खिडकीबाहेर पुरत नसे. म्हणून उभाच. संध्याकाळपर्यंत पाय इतके सुजायचे की चपलेचा अंगठा सैल करावा लागे.

लोक घरून बाटल्या आणायचे. कुणाची गोडेतेलाची, कुणाची रॉकेलाची. तो त्या धुवायचा, औषध भरायचा, डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा आणि तेच वाक्य शंभरदा म्हणायचा: एक खूण सकाळी, एक खूण संध्याकाळी. याशिवाय कुणी न नेमलेलं एक काम त्याच्याकडे आपोआप आलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत काय लिहिलंय, ते लोकांना सांगायचं.

आधीचे डॉक्टर म्हातारे होते. ते साधं लिहायचे. गळू असेल तर गळू, खरूज असेल तर खरूज, जखम असेल तर जखम. शालिग्रामला ते सगळे शब्द पाठ होते. चौतीस साली नागपूरहून वामनराव नावाचे तरुण डॉक्टर आले आणि चिठ्ठ्यांवर एक नवा शब्द दिसायला लागला. लीझन. कुणाच्या पाठीवर लीझन, कुणाच्या ओठावर लीझन, तर एका क्षयाच्या म्हाताऱ्याच्या चक्क छातीच्या आत लीझन. शालिग्राम गोंधळला. एका दुपारी दवाखाना बंद करताना त्याने विचारलं.

"साहेब, हा लीझन कोणता रोग म्हणायचा?"

वामनराव हात धूत होते. हसले. "रोग नाही तो. शरीरात कुठंही, कातडीत म्हणा, मांसात म्हणा, एखादी जागा बिघडली, तिचं नुकसान झालं, की ती जागा म्हणजे लीझन. खरचटलं तरी लीझन आणि फुप्फुस सडलं तरी लीझन. कशानं बिघडली ते हा शब्द सांगत नाही. आधी नुसतं पाहायचं आणि लिहायचं. रोगाचं नाव मागून."

"म्हणजे बिघडलेली जागा."

"अगदी बरोबर."

शालिग्रामने मान हलवली. शब्द समजला. पण खिडकीतून तो कसा सांगायचा, याचा विचार त्याने त्या दिवशी केला नाही. घरी बायको मनकर्णाबाई दम्याने बेजार होती. चार रात्री त्याला नीट झोप नव्हती.

त्याच वर्षी भादव्यात हिवतापाची साथ आली. बाजाराच्या दिवशी ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. अशाच एका बाजारच्या दिवशी विश्वगंगेच्या काठच्या गावचे रंगराव आपल्या सुनेला घेऊन आले. रंगराव बरे शेतकरी, घरी दोन बैलजोड्या, गावात शब्दाला वजन. सून गोजरबाई वीसेक वर्षांची, कडेवर तान्ही पोरगी. तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, रुपयाएवढी जागा फिकी आणि कोरडी झाली होती.

वामनरावांनी तिला डोळे मिटायला लावले. कापसाचा बोळा त्या जागेवर हलकेच टेकवला, मग टाचणीचं टोक. "लागतं का?" प्रत्येक वेळी ती "हाव" म्हणाली. जागा बधिर नव्हती, याचं वामनरावांना बरं वाटलं. पण नक्की काय, ते त्यांना त्या दिवशी ठरवता आलं नाही. तव्याचा चटका असेल, गजकर्ण असेल. त्यांनी मलम लिहून दिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: डाव्या हातावर लीझन, एक महिन्यानंतर पुन्हा पाहणे. लगेच त्यांना पोलिसांचं बोलावणं आलं. कुठे विहिरीत प्रेत सापडलं होतं. ते बैलांच्या रेंगीत बसून गेले.

रंगराव चिठ्ठी घेऊन खिडकीशी आले. "कंपाउंडर, कागदावर काय लिवलं डाक्तरनं?"

"लीझन."

"म्हंजे काय हो?"

शालिग्रामच्या एका हातात कुनैनची बरणी होती, दुसऱ्या हातात कुणाची तरी गळकी बाटली. खिडकीबाहेर साठ-सत्तर माणसं. त्याने मान वर केली नाही.

"चट्टा. चट्टा हाय हातावर. हे मलम लावा, महिन्यानं आना तिले. चला, ही बाटली कोनाची?"

रंगराव बाजूला झाले.

त्या उन्हाळ्यात गावोगाव महारोगाची माहिती देणारे लोक जादूचा कंदील घेऊन फिरले होते. चावडीसमोर पडदा बांधून चित्रं दाखवायचे. चित्रात झडलेली बोटं, बसलेलं नाक, आणि सगळ्यात आधी अंगावर एक फिका चट्टा. चट्टा दिसला की दवाखान्यात या, असं ते दहादा सांगायचे. तेव्हापासून त्या भागात चट्टा हा शब्द साधा राहिला नव्हता. शालिग्रामला हे ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच. ओळ संपली तेव्हा तो भिंतीला पाठ टेकून खाली बसला आणि तिथेच त्याचा डोळा लागला.

महिना झाला. गोजरबाई आली नाही. रजिस्टरात तिच्या नावापुढची जागा कोरी राहिली. साथीत अशा कितीतरी जागा कोऱ्या राहत, त्यामुळे शालिग्रामच्या ते लक्षातही आलं नाही.

दिवाळी होऊन गेली, कापूस वेचणीला आला, आणि एक दिवस गोजरबाईचा भाऊ भगवानराव तिला बैलबंडीत घालून दवाखान्यात घेऊन आला. बाई ओळखू येत नव्हती. कडेवर पोर नव्हतं.

भगवानराव खिडकीशी येऊन म्हणाला, "तुमीच सांगतलं म्हनते आमचे इवाई, रंगरावजी. चट्टा हाय म्हून."

शालिग्रामने बरणी खाली ठेवली.

झालं होतं ते असं. रंगरावांनी चिठ्ठी गावच्या मास्तरला दाखवली. मास्तरला इंग्रजी मुळाक्षरं येत होती. चावडीवर महारोगाचा, म्हणजे लेप्रसीचा, इंग्रजी-मराठी कागद चिकटवलेला होता. मास्तरने दोन्ही ताडून पाहिले. दोन्हीकडे शब्दाची सुरुवात एल आणि ई या अक्षरांनी. आणि दवाखान्यातला माणूस तोंडाने चट्टा म्हणाला होता. मग आणखी काय पाहिजे? गोजरबाईला वावरातल्या झोपडीत ठेवलं. ताट वेगळं, पाण्याचा घडा वेगळा. पोरगी सासूने, झुंबरबाईने, काढून घेतली. बाईचं दूध आटेपर्यंत ती झोपडीत पदर पिळत बसायची. महिन्याने माहेरी धाडली. माहेरीही बातमी आधीच पोचली होती. तिथे विहिरीवर बायका तिला पाहून दोर वर ओढून घ्यायच्या.

शालिग्राम खिडकी सोडून बाहेर आला. गोजरबाई ओसरीच्या टोकाला, लोकांपासून लांब बसली होती. तशी सवयच झाली होती तिला.

"बाई, त्या दिशी मी तुमाले नीट सांगतलं नाई," तो म्हणाला.

"तुमी माह्याकडं पाह्यलंच नाई, भाऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग करायचंही त्राण नव्हतं. "सासऱ्याकडं बी नाई. बाटलीकडं पाहून सांगतलं."

तो आत जाऊन वामनरावांना बोलावून घेऊन आला.

वामनरावांनी हात पाहिला. ती जागा जवळजवळ नितळ झाली होती. कडेला गजकर्णाची पुसटशी रेघ तेवढी उरलेली. "गजकर्ण होतं. मलमानं गेलं. दुसरं काही नाही," ते म्हणाले आणि दाखला लिहायला बसले. शालिग्राम मागे उभा राहून पाहत होता. लेखणीतून पहिल्याच ओळीत तोच शब्द उतरला. लीझन बरं झालेलं आहे.

"साहेब, तो शब्द नका लिहू."

वामनराव वळले. बावीस वर्षांत शालिग्रामने कुठल्याच डॉक्टरला असं काही म्हटलं नव्हतं.

"का? शब्द अचूक आहे."

"अचूक हाय साहेब. पण तो इथून भायेर गेला की दुसराच होतो. तुमी मराठीत लिहा. गजकर्ण होतं, बरं झालं, महारोग नाही. आन खाली सही करा."

वामनरावांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी ओसरीकडे पाहिलं. लिहिलेला कागद फाडून त्यांनी दुसरा घेतला आणि शालिग्रामने सांगितलं तसं, मोठ्या अक्षरात लिहिलं.

तो कागद घेऊन शालिग्राम रविवारी तीन कोस चालत रंगरावांच्या गावी गेला. चावडीवर पाच-सात माणसं जमली. मास्तरने कागद मोठ्याने वाचला. मराठीत लिहायला आपणच सांगितलं, हे शालिग्रामने लपवलं नाही. रंगरावांनी मग फेट्याच्या घडीतून जुनी चिठ्ठी काढली आणि दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

"कागद दोन झाले, कंपाउंडर. पह्यला डाक्तरनं आपल्या मनानं लिवला. दुसरा मराठीत, तुह्या सांगन्यावरनं. आता गावानं कोन्ता खरा मानावा?"

"दोन्ही खरे हायेत, रंगरावजी."

कुणीतरी हसलं. शालिग्राम तसाच बोलत राहिला. "लीझन म्हंजे रोग नाई. बिघडलेली जागा. तुमच्या टाचेले भेग हाय, ते बी लीझन. बैलानं शिंग मारलं, ते बी लीझन. कशानं बिघडली, ते त्या शब्दात नाई. चट्टा हा शब्द माहा. माह्या तोंडातून गेला. चुकी माही हाय, त्या बाईची नाई. सगळ्यायच्या समोर सांगून राह्यलो."

"ज्या शब्दात काईच नाई, तो कायले लिवता मंग?" रंगरावांनी विचारलं. हे ते टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

शालिग्रामने जुनी चिठ्ठी हातात घेतली. मग म्हणाला, "त्या दिशी डाक्तरले नक्की मालूम नव्हतं. मालूम नाई, हे लिहाले त्यायच्यात तो शब्द हाय."

चावडीवरची माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. खरं बोलून आपण काम बिघडवलं, असं शालिग्रामला वाटलं, आणि ते तसंच होतं. डॉक्टरलाच मालूम नव्हतं, हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

निघताना रंगराव त्याला वेशीपर्यंत पोचवायला आले. तिथे कुणी नव्हतं. "कंपाउंडर, सून वंगाळ नाई माही. पन घरात लग्नाची पोरगी हाय. दोन ठिकानी बोलनं चालू व्हतं, दोघंबी गप्प झाले. आता त्या सुनेले घरात घेतली, तर माही पोरगी जन्मभर घरात राह्यते. सांग, मी काय करू?"

शालिग्राम तीन कोस परत चालला.

पुढच्या दोन महिन्यांत तो आणखी तीनदा गेला. एकदा रंगराव भेटलेच नाहीत. एकदा मास्तरशी बोलणं झालं. मास्तर म्हणाला, मी तर पहिल्यापासून शंका घेत होतो. तिसऱ्यांदा झुंबरबाईने दारातूनच पाणी दिलं आणि पोरीला पाठीमागे लपवलं. मनकर्णाबाई घरी म्हणायची, "तुमच्या पायायकडं तरी पाहा. लोकायले कोठवर पुरसान?" तो पाय चोळत ऐकून घ्यायचा. दुसरीकडे, साथ संपली तरी ओळ संपत नव्हती. हिवाळ्यात खोकले, पडशी. मग तो जायचा थांबला. आपण थांबलो, हे त्याने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. पुढच्या रविवारी जाऊ, असंच म्हणत राहिला.

माघात गोजरबाईचा नवरा कडूबा दवाखान्यात आला. वावरात कापसाच्या पऱ्हाट्या तोडताना कुऱ्हाड निसटून नडगीवर बसली होती. चार दिवस त्याने हळद भरली, आणि जखम चिघळली. माणूस मुखदुर्बळ. बापासमोर बायकोचं नाव काढायची ज्याची छाती झाली नाही, तो हा. शालिग्रामने त्याला ओळखलं. गरम पाण्याने जखम धुतली, पू काढला, मेलेली कातडी कातरली. कडूबा दात आवळून भिंतीकडे पाहत होता.

वामनरावांनी पाय पाहिला आणि सवयीने चिठ्ठी लिहिली. ती कडूबाच्या हातात आली. त्याला वाचता येत नव्हतं. तरी तो बराच वेळ कागद न्याहाळत राहिला.

"भाऊ," त्याने खिडकीशी येऊन विचारलं, "हे काय लिवलं?"

शालिग्रामने कागद पाहिला. तोच शब्द. क्षणभर वाटलं, जखम म्हणून मोकळं व्हावं.

"लीझन," तो म्हणाला. "पायाची जागा बिघडली हाय. कुऱ्हाडीनं."

"बाबानं तिचा कागद भिंतीतल्या दिवळीत ठेवला हाय. मी रोज काढून पाह्यतो. वाचता येत नाई, पन अक्षराचं वळन ध्यानात हाय." त्याने बोट ठेवलं. "हेच हाय ना?"

"हाव. तेच हाय."

कडूबा कागदाची घडी करून लंगडत निघून गेला.

घरी काय झालं, ते त्याने पुढे पट्टी बदलायला आल्यावर थोडं थोडं करून सांगितलं. त्याने मास्तरला घरी बोलावलं. दिवळीतली चिठ्ठी काढली, आपली तिच्याशेजारी ठेवली, आणि बापासमोर मास्तरला म्हणाला, एक एक अक्षर ताडून पाहा. मास्तरने दोनदा पाहिलं. शब्द एकच होता.

"तिले जे लिवलं, तेच मले लिवलं," कडूबा बापाला म्हणाला. "मले बी झोपडीत ठेवा. ताट येगळं करा."

"येड्यावानी करू नोको. पायाची जखम येगळी," रंगराव म्हणाले.

"कागदावर येगळी नाई."

आयुष्यात पहिल्यांदाच तो बापाला उलटून बोलला होता. आणि बोलून थांबला नाही. त्याच दुपारी घोंगडी खांद्यावर टाकून वावरातल्या झोपडीत जाऊन राहिला. रंगराव म्हणाले, दोन दिवसांत येईल. आठ दिवस झाले. रोज दोन वेळा झुंबरबाई भाकर बांधून वावरात न्यायची, आणि तिच्या तोंडचं बोलणं कमी कमी होत गेलं. नवव्या दिवशी तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पाणी मारलं आणि नवऱ्यापुढे उभी राहिली.

"लेक झोपडीत, सून मायेरी. मी कोनासाठी भाकरी थापू? पोरीचं लगन होईन नाईतर नाई होईन. मी आता थकली."

रंगरावांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गड्याला रेंगी जोडायला सांगितली.

अशी गोजरबाई परत आली. दारात कुणी तुकडा ओवाळला नाही. मधले सहा महिने झाले होते, आणि पोरगी तिला पाहून झुंबरबाईच्या लुगड्यात तोंड खुपसून रडली. तिला आईजवळ निजायला पुढे दीड महिना लागला. वेगळं काढलेलं ताट घरात तसंच होतं. आता त्यात जेव असं कुणी म्हणत नव्हतं, पण ते उचलून दुसऱ्यात मिसळलंही नाही कुणी. गोजरबाई स्वतःच ते घेऊन बसायची. कडूबाने एकदा ते विहिरीत टाकतो म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. मले आता त्यातच गोड लागते." नणंदेचं लग्न दोन वर्षांनी, लांब खानदेशाकडे झालं. त्या लग्नात गोजरबाई मांडवात आली नाही. दोन्ही दिवस चुलीपाशीच होती. एवढ्या बायकांतून तिच्या हातचं कुणाला चालेल आणि कुणाला नाही, हे हेरत राहण्यापेक्षा धूर बरा, असं ती म्हणाली.

शेवटची पट्टी सोडताना शालिग्रामने यातलं ऐकलं ते बाई घरी परत येण्यापर्यंतचंच. बाकीचं पुढच्या काही वर्षांत कानावर येत गेलं. "चांगलं झालं," तो कडूबाला म्हणाला. मग स्टुलावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. आपण चारदा चालत गेलो त्याने काही झालं नाही, आणि साहेबांनी सवयीने लिहिलेल्या एका शब्दाने झालं, याचं त्याला हसूही आलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. त्याला फक्त झोप येत होती.

पण एक गोष्ट त्याने वामनरावांकडे मागून घेतली. प्रत्येक चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आपण स्वतः दोन ओळी मराठीत लिहायच्या. काय झालंय, आणि काय झालेलं नाही. वामनराव म्हणाले, वेळ कुठाय? तरी परवानगी दिली. तीन वर्षं ते चाललं. मग वामनरावांची बदली वाशिमला झाली. नवे डॉक्टर शिस्तीचे होते. सरकारी कागदावर कंपाउंडरने लिहिण्याचं कारण नाही, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. शालिग्रामने वाद घातला नाही. लेखणी ठेवून दिली.

तेव्हापासून तो खिडकी सोडून ओसरीवर यायचा. चिठ्ठी हातात घेऊन उकिडवं बसायचा, माणसाच्या तोंडाकडे पाहून सावकाश सांगायचा. उठताना गुडघ्यावर हात रोवावा लागायचा. ओळ वाढत जायची, मागचे लोक कटकट करायचे. "कंपाउंडर, आटपा ना बाप्पा, सांज करता का इथी?" शालिग्राम ऐकून घ्यायचा. मग समोरच्या म्हातारीला परत विचारायचा, "समजलं काय, माय? मंग मले सांग पाहू, काय समजलं?"